भूमिकेत उतरणारा शिक्षक

नाट्याधारित अध्यापन म्हटले की अनेकांना स्नेहसंमेलनातले पाठांतर आणि वेशभूषा आठवते. वास्तविक या पद्धतीत प्रेक्षक लागतच नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षकांना घडवणाऱ्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी खुद्द शिक्षकालाच भूमिकेत उतरवले. धरणाचा पाठ घेताना शिक्षक पुनर्वसन अधिकारी होऊन नोटीस वाचून दाखवतो, मुले गावकरी होऊन 'आमच्या विहिरीचे काय?' असे विचारू लागतात आणि मग नकाशा, क्षेत्रफळ व कायदा यांची गरज त्यांची त्यांनाच भासू लागते.

माझ्या मते खरी अडचण अभिनयाची नसून नेमके कुठे थांबावे आणि भूमिका सोडून चर्चेकडे कसे वळावे, ही आहे. हे कौशल्य नुसते व्याख्यान ऐकून जमत नाही. प्रशिक्षणात शिक्षकाने आधी विद्यार्थ्याच्या जागी बसून तो प्रसंग अनुभवावा, मग आपल्या वर्गात करून पाहावा आणि सहकाऱ्याने केलेल्या निरीक्षणावर त्याच्याशी सविस्तर बोलावे. (एका दिवसाच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र फाइलमध्ये शोभते, इतकेच.) नवख्याने स्थिरचित्रापासून आरंभ करावा: गटाने प्रसंगातला एक क्षण निश्चल उभे राहून दाखवायचा आणि शिक्षकाने खांद्याला हात लावताच प्रत्येकाने आपल्या पात्राच्या मनातले एक वाक्य बोलायचे.