यंत्राला मका आणि ज्वारी ओळखायला शिकवताना

उपग्रहाच्या चित्रांवरून कोणत्या शेतात कोणतं पीक उभं आहे हे संगणकाकडून ओळखून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा जो तो एकच विचारायचा: मॉडेल कोणतं वापरणार? खरं तर तेवढाच निर्णय सोपा होता. रँडम फॉरेस्ट घेतलं: यात अनेक ‘डिसीजन ट्री’, म्हणजे प्रश्नांच्या फांद्यांतून उत्तराकडे नेणारी छोटी मॉडेलं, आपापलं मत देतात आणि बहुमताने उत्तर ठरतं. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत मोजक्या नमुन्यांवरही बऱ्यापैकी चालते आणि फार लाड मागत नाही. वेळ खाल्ला तो बाकीच्या गोष्टींनी.

आधी नमुने. शेतात जायचं, जीपीएसवर हद्द आखायची, पिकाची नोंद करायची. आम्ही वापरलेल्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातला सर्वांत बारीक पिक्सेल (ठिपका) जमिनीवर १० मीटरचा. ५० बाय ५० मीटरच्या तुकड्यात जेमतेम २५ पिक्सेल बसतात, आणि बांधालगतच्या पिक्सेलमध्ये शेजारचं पीक, झाडं, पायवाट असं सगळं मिसळलेलं. कडेची रांग सोडली की उरतात ९. तरी ती सोडायचीच, यावर मी अडून बसले.

मग चित्रं. पिकाच्या ऐन वाढीत आभाळ भरलेलं. डेटासोबत येणाऱ्या थरावरून ढग बाजूला काढता येतात, पण त्यांच्या सावल्या पुष्कळदा निसटतात. त्या डोळ्यांनी बघूनच वगळल्या. आणखी एक बारकावा: २५ जानेवारी २०२२ पासून या डेटाच्या आकड्यांत १०००ची भर घातलेली असते. ती वजा न करता जुनी-नवी चित्रं एकत्र केली, तर मॉडेल पिकाऐवजी वर्ष ओळखायला शिकेल!

मका आणि ज्वारी एका तारखेच्या चित्रात जवळपास सारखीच दिसतात. पीक दाट झालं की एनडीव्हीआय हा हिरवेपणा मोजणारा निर्देशांकही वरच्या टोकाला जाऊन थबकतो. म्हणून पेरणीपासून काढणीपर्यंतची महिनावार मूल्यं घेतली, जोडीला लाल आणि अवरक्तच्या मधला ७०५ नॅनोमीटरच्या आसपासचा बँड (प्रकाशाचा पट्टा). त्याचा पिक्सेल २० मीटरचा असला तरी दाट पिकातले फरक तिथे जास्त टिकतात.

खरी कसोटी चाचणीची. सगळे पिक्सेल पिसून काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवले, तर एकाच शेतातले शेजारी पिक्सेल दोन्हीकडे जातात. हे पेपर फुटल्यासारखंच. गुण भरघोस पडणारच. मी मुद्दाम दोन्ही प्रकारे तपासून पाहिलं. अख्खं शेत एक तर शिकवणीत, नाही तर चाचणीत, असा नियम लावला आणि अचूकता चांगलीच घसरली. अहवालात हाच खालचा आकडा जाईल, असं मी सांगितलं. त्यावर थोडी कुरबुर झाली. पण नकाशा वापरायचा तो मॉडेलने कधी न पाहिलेल्या शेतांवर, मग आकडाही तिथलाच हवा ना?

एकूण अचूकतेपेक्षा कन्फ्युजन मॅट्रिक्सने, म्हणजे कोणतं पीक कितीदा कोणतं समजलं गेलं याच्या तक्त्याने, जास्त सांगितलं. ऊस जवळपास निर्धोक, कारण इतर पिकं निघून गेल्यावरही तो हिरवाच असतो. गोंधळ मका-ज्वारीतच, आणि तोही बहुतेक उशिरा पेरलेल्या तुकड्यांत. शेवटी नकाशासोबत दुसरा थर दिला: प्रत्येक पिक्सेलवर किती डिसीजन ट्रींचं एकमत झालं, त्याचा. जिथे मतं फुटली आहेत ती शेतं आता आधी माणूस जाऊन पाहतो, आणि त्याची नोंद पुढच्या हंगामाच्या नमुन्यांत जमा होते.