पाटगावच्या वाटेवरची देवराई: दोरी, टेप आणि एक दिवस

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या स्टँडवर मिसळ खाऊन पाटगावची एसटी धरली. उतरल्यावर वाडीपर्यंत पाऊण तास चाल. जानेवारीतही रस्त्यावरून देवराई अशी गच्च दिसते, की मित्र म्हणाला, "हिला काय धाड भरलीय?"

गुरवमामांनी दारातच अडवलं. "चपला हितंच काढा, आन् वाळली काडीबी उचलू नगा." रान कितपत धड आहे ते बघायला झाडं मोजायला आलोय म्हटल्यावर हसले, पण नातवाला सोबत धाडलं. पोराला वनस्पतिशास्त्राच्या आमच्या मित्रापेक्षा जास्त झाडं ठाऊक.

नायलॉनच्या दोरीनं दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, जमिनीपासून १.३ मीटरवर प्रत्येक झाडाचा घेर घ्यायचा, बुंधे तोडलेले असतील तर तेही मोजायचे. एका किंजळाचा घेर ९० आला. वहीत सेंटिमीटर लिहिलं, मग गंमत म्हणून मिठी मारली तर हात पुरेनात. टेप इंचाच्या बाजूनं धरला होता! सगळा चौकोन पुन्हा. सेंटिमीटरचीच बाजू असलेला शिंप्याचा टेप न्या.

खरी गोष्ट कळली ती उकिडवं बसल्यावर. कडेच्या चौकोनात म्हातारे हिरडे, जांभळी ठणठणीत, पण खाली त्यांचं एक रोप नाही; गुडघाभर रानमोडीचं तण आणि गुरांच्या पायवाटा. साठ पावलं आत गेल्यावर पाचोळा घोट्यापर्यंत, गारंबीचा वेल, आणि अंजनीची, जांभळाची रोपं पाय ठेवायला जागा देईनात. तुकडा लहान असला की ऊन-वारा चारी बाजूंनी घुसतो. समजा एक हेक्टरचा चौकोन आहे आणि झळ २५ मीटर आत पोचते, तर धड रान उरतं फक्त चौथाई. म्हणून चौकोन कडेला आणि मध्यात, दोन्हीकडे हवेतच.

आत रोपं आहेत तिथे वृक्षारोपणाचा घाट घालू नये असं माझं स्पष्ट मत. गुरं आवरा, उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढा, रान आपलं आपण येतं. लावायचंच तर कडेला, रानमोडी उपटून, याच देवराईच्या बियांची रोपं. ग्लिरिसिडियासारखं परदेशी झाड नको. आणि वरचा जांभ्याचा सडा (खडकाळ पठार) उजाड समजून तिथे खड्डे तर मुळीच नकोत. पावसाळा सरता सरता तो फुलांनी भरतो, ते त्याचं मूळ रूप आहे.

जाणाऱ्यांसाठी: गावकऱ्यांना आधी विचारा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत (३५१ चौरस किलोमीटर, म्हणजे हद्द कुठे लागते ते कळतही नाही) वनखात्याची परवानगी लागते, आणि गवा दिसला तर चौकोन सोडून मागे सरका. पावसाळ्यात जळवा, म्हणून मीठ-तंबाखूची पुरचुंडी. भाकरी-खर्डा घरूनच, वाडीत हॉटेल नाही.

परतीची शेवटची एसटी कंडक्टरला सकाळीच विचारून ठेवा. आम्ही विचारली नाही, आणि गारगोटीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आलो.