क्यू-चानच्या आजोळी

पुण्यात जपानी शिकायला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात बाईंनी एक गाणं शिकवलं. 'उए ओ मुइते आरुकोओ', म्हणजे मान वर करून चालू या. चाल हसरी, मधे शीळसुद्धा घातलेली. वर्षभर मी ते सहलीचं गाणं समजून भांडी घासताना गुणगुणत होते. मग थोडं व्याकरण डोक्यात शिरलं आणि पुढची ओळ उलगडली. मान वर करायची ती डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून!

ते गाणारा साकामोतो क्यू, त्याचं आजोळ कासामा बघायचं तेव्हापासून मनात होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस तोक्योत निशी-कासाईला मावसबहिणीकडे उतरले होते. तिथून निघताना ती म्हणाली, "कासामा? तिथे काय ठेवलंय? त्यापेक्षा निक्कोला जा की." शेवटी डब्यात मेथीचे ठेपले देऊन तिने माझा नाद सोडला.

उएनोहून 'तोकिवा' एक्सप्रेस सुटली. वाटेत त्सुचिउरा लागलं. 26 ऑक्टोबर 1943 ला याच जोबान मार्गावर इथे गाड्यांची धडक झाली होती आणि डबे पुलावरून नदीत कोसळले होते. त्या गाडीत आईबरोबर एक तान्हं पोर होतं, आईने ऐनवेळी डबा बदलला म्हणून दोघं वाचली, असं सांगतात. ते पोर म्हणजे साकामोतो क्यू. माझ्या शेजारचे गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. गाडी दोन मिनिटं थांबली आणि निघाली.

जन्म कावासाकीचा, 10 डिसेंबर 1941. जपान-अमेरिका युद्ध सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झालेले. घरातलं हे नववं अपत्य, म्हणून नावच 'नऊ', जपानीत 'क्यू'. ते चिन्ह 'हिसाशी' असंही वाचतात, खरं नाव तेच. 'क्यू' हे लोकांच्या तोंडी बसलं, आणि पुढे लाडाने क्यू-चान. कासामा हे आईचं माहेर. युद्धात पोराला घेऊन ती इथेच आली होती.

तोमोबेला गाडी बदलून दोन स्टेशनं पुढे कासामा. स्टेशनपासून इनारी या धान्यदेवतेच्या देवळापर्यंत वीसेक मिनिटं चालले. देवळाच्या आवारात शेवंतीचा उत्सव चालू होता, 1908 पासून चालत आलेला. शेवंती म्हणजे आपल्याकडे वेणी नाहीतर हार. इथे एकेका फुलाला कुंडी, काठीचा टेकू आणि व्हीआयपी वागणूक. फुलांच्या मागे इनारीचे दूत, दगडी कोल्ह्यांच्या रांगा. याच देवळात 1971 च्या डिसेंबरात क्यूने अभिनेत्री काशिवागी युकिकोशी लग्न केलं. तोक्योतलं बडं हॉटेल परवडण्याइतका तो तेव्हा नक्कीच मोठा होता, पण आला आजोळी.

बाहेर एका छोट्या दुकानात इनारी-झुशी मागितली. तळलेल्या तोफूच्या गोडसर पिशवीत भात, आणि इथे त्यात अक्रोडही. (शुद्ध शाकाहारी म्हणणार नाही. पिशवी ज्या रसात शिजते त्यात बहुधा मासा असतो. मी विचारलं नाही.) दुकानातल्या आजींना मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की 1963 च्या जूनमध्ये अमेरिकेत तीन आठवडे क्यूचं ते गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, तेही जपानीत!

"हो, सुकियाकी," आजी म्हणाल्या. स्वर असा, की जाऊ दे.

त्यांचं चुकत नव्हतं. सुकियाकी म्हणजे गोमांसाची रस्सेदार डिश, गाण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. इंग्लंडमधल्या रेकॉर्ड कंपनीला मूळ नाव उच्चारायला जड वाटलं, म्हणून त्यांनी हे चिकटवलं. आपलं एखादं हळवं भावगीत परदेशात 'मिसळ' नावाने खपावं, तसं. शब्द एइ रोकुसुकेचे. 1960 च्या अमेरिकी सुरक्षा कराराविरुद्धच्या आंदोलनात हरल्यानंतरची निराशा त्यात आहे. नाकामुरा हाचिदाईची चाल. क्यू गाताना 'मुइते'चं 'मु-हु-इते' करायचा. पोरवयात एल्व्हिसच्या नकला करून लागलेली ती सवय. सुरुवातीला एइ त्यावर चिडले होते म्हणे. मला तर त्या 'हु'मध्येच रडू दाबल्यासारखं ऐकू येतं.

"आम्ही लहान होतो ना," आजी सांगू लागल्या, "तेव्हा संध्याकाळी एनएचकेवर बाहुल्यांची मालिका लागायची. गोष्ट सांगायला क्यू-चान. पळत घरी यायचो." ती एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवरची 1973 ते 75 मधली 'शिन हाक्केंदेन', आठ वीरांची गोष्ट. माझ्या वहीत अमेरिकेखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मालिकेचं नाव कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

वहीत बाकीही होतं. 1968 च्या वर्षअखेरीच्या 'कोहाकु'त, म्हणजे लाल आणि पांढऱ्या संघांच्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या लढतीत, पांढऱ्या संघाचं सूत्रसंचालन. सप्पोरोच्या वाहिनीवर अपंगांसाठी वर्षानुवर्षं चालवलेला कार्यक्रम. आपल्याकडे बालवाडीत 'इफ यू आर हॅपी' म्हणत टाळ्या वाजवतात, तीच चाल 1964 मध्ये जपानभर गाजवणाराही हाच. आजींना यातलं काही वाचून दाखवायची गरज नव्हती. त्यांनी हिशेब करताना टाळ्यांच्या जागी कॅल्क्युलेटरवर दोनदा टकटक केलं.

विमानाचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही. 12 ऑगस्ट 1985, ओबोन या पितरांच्या सणाची गर्दी, हानेदाहून ओसाकाला निघालेलं जंबो गुन्माच्या डोंगरात कोसळलं. 524 पैकी चौघं वाचली. क्यू 43 वर्षांचा होता.

परतीची गाडी थेट शिनागावापर्यंत होती. तिथून केइक्यू मार्गाने कावासाकीला गेले तेव्हा अंधार पडला होता. केइक्यू कावासाकीच्या फलाटावर गाडी येताना याच गाण्याचा तुकडा वाजतो. शब्द नाहीत, नुसती किणकिण. ऑफिस सुटलेली माणसं माना खाली घालून मोबाइल बघत उभी. तुकडा संपायच्या आत गाडी आली आणि त्यांनी तो पूर्णच ऐकला नाही. मी दोन गाड्या सोडल्या. तिसऱ्या वेळी शीळ घालून बघितली, नुसती हवा निघाली. शेजारचा शाळकरी मुलगा वळून हसला आणि लगेच दुसरीकडे बघू लागला.

बहिणीचा मेसेज आला होता, "ठेपले खाल्लेस का?" डबा तसाच होता. बाकावर बसून उघडला.