खलनायकाची वही

शनिवार, रात्री साडेअकरा

आज माझ्या खेळातला खलनायक महाकालदंष्ट्र मारला गेला. त्याच्या तोंडी घालण्यासाठी मी दीड पानाचे भाषण लिहून ठेवले होते. त्यातले तिसरे वाक्य वाचत असतानाच भाचीच्या मैत्रिणीने वीस बाजूंचा फासा टाकला, नेमके वीस पडले आणि तिच्या धनुर्धराचा बाण कवटीच्या शिरस्त्राणाखाली जाऊन बसला. उरलेल्या तिघांनी आपापल्या पाळीत हात धुऊन घेतले. गेले चार महिने ज्याच्या नावाने अख्खे राज्य थरथरत होते तो दुसरी फेरी संपण्याआधीच लोळला, आणि नौपाड्यातल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर चर्चा सुरू झाली ती त्याच्याजवळ किती मोहरा निघाल्या याची.

दोष नियमांच्या माथी मारता येईल. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रे होऊन फाशांच्या कौलाने ती पुढे न्यायची, असा आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ; गोष्ट मी सांगते आणि आम्ही त्याची २०१४ सालची पाचवी आवृत्ती खेळतो. तीत प्रत्येकाला आपल्या पाळीत एकच मुख्य कृती मिळते, त्यामुळे एकटा खलनायक चौघांसमोर उभा केला की त्याच्या एका कृतीला समोरून चार उत्तरे येतात. अशा बड्या शत्रूसाठी नियमांतच सोय आहे: इतरांच्या पाळ्या संपताना मधेच हालचाल करू देणाऱ्या लेजेंडरी अ‍ॅक्शन, आणि फसलेला बचाव दिवसातून सहसा तीनदा यशस्वी ठरवण्याची मुभा. ती मी वापरली नाही, हा माझा आळस. मात्र वापरली असती तरी तो दोन फेऱ्यांऐवजी पाच फेऱ्यांनी मेला असता आणि मोहरांची चर्चा अर्धा तास उशिरा सुरू झाली असती, एवढाच फरक. त्याची उंची सात फूट होती, डोळे लाल होते, गड काळा होता. त्याला काय हवे आहे, असे कोणी विचारले असते तर "राज्य" याखेरीज मला उत्तर सुचले नसते. आणि राज्य मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो काय करणार होता, हे तर मुळीच सांगता आले नसते.

रविवार, संध्याकाळ

नवी गोष्ट सुरू करायची म्हणून चौघेही आज नवी पात्रे बांधायला आले. आम्ही अजून जुन्या पद्धतीने फासे टाकतो: सहा बाजूंचे चार फासे, त्यांतला सर्वांत लहान आकडा सोडून द्यायचा, उरलेल्या तिघांची बेरीज म्हणजे पात्राचा बळ-बुद्धीसारखा एक गुण, आणि असे सहा वेळा. भाचीला शेवटच्या खेपेला तीन, दोन, एक, एक पडले. बेरीज सहा. दहा हा सामान्य माणसाचा गुण धरला तर सहाला प्रत्येक फाशात दोन वजा होतात. मी दयाबुद्धीने पुन्हा टाकायला सांगितले, पण तिने ऐकले नाही, तो सहा तिने करिष्म्याच्या, म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याच्या, रकान्यात लिहिला आणि म्हणाली, "मावशी, हिला अनोळखी माणसाशी बोलताच येत नाही. म्हणून ती कुलपांशी बोलते." अशा रीतीने कडी नावाची, ड्वार्फ या बुटक्या जमातीतली कुलपेवाली जन्माला आली. पंधरा-सोळाच्या गुणांनी मला पात्राबद्दल आजवर फारसे काही सांगितलेले नाही. जे सांगितले ते सहा-सातनीच.

ऑफिसातले एक सहकारी मात्र सहा पानी पूर्वकथा टाइप करून घेऊन आले होते. आई-वडील मारले गेलेले, गुरू मारला गेलेला, गाव जळालेले. ते मनापासून लिहितात, त्यामुळे बोलायला जड गेले. पण ज्याच्या मागेपुढे कोणी उरलेलेच नाही अशा पात्राला गोष्ट सांगणाऱ्याने धरायचे कुठे? ना त्याला कोणाची भीती घालता येते, ना कोणाची आठवण. अखेरीस मी पाने बाजूला ठेवली आणि चौघांनाही एकच प्रश्न विचारला: गावात तुमची उधारी कोणाकडे आहे? सहकाऱ्यांनी बराच विचार करून एक न्हावी शोधून काढला, ज्याचे पैसे त्यांचा योद्धा तीन वर्षे चुकवत आला आहे. त्या न्हाव्यामुळे तो योद्धा मला पहिल्यांदा दिसला. भाची वड्याचा घास तोंडात असतानाच म्हणाली, "आमच्या घरी दर महिन्याला तळ्याच्या कचेरीतून धान्य येतं. आई ते घेते आणि का येतं हे सांगत नाही." तिने हे तिथल्या तिथे रचले होते. मी ते तसेच्या तसे टिपून ठेवले.

मंगळवार, सकाळ, ऐरोलीच्या गाडीत

दिघा गाव येईपर्यंत बसायला जागा मिळाली नाही, त्यामुळे लिहिणे झाले नाही. धान्य कोण पाठवतो?

गुरुवार, रात्री एक

संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कडेने दोन फेऱ्या मारल्या. आमच्या ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, पण तळे राखावे लागते आणि त्याला कोणीतरी मोल देत असते, हा विचार मला रोज तिथून जाऊनही कधी शिवला नव्हता. कोपिनेश्वराच्या बाजूला येताना आजी श्रावणात वाचायची ती शिळासप्तमीची कहाणी आठवली. राजा तळे बांधतो, तळ्याला पाणी लागत नाही, जलदेवता सुनेचा थोरला मुलगा मागतात. पुष्कळांच्या जिवापुढे नातवाचा एक जीव मोठा नाही, असे राजा मनाशी ठरवतो, सुनेला माहेरी धाडतो आणि मुलाचा बळी देतो. तळे भरते. पुढे सून तळ्याची पूजा करते आणि मुलगा तिला परत मिळतो, म्हणून ऐकणाऱ्याचे समाधान होते. मला मात्र लहानपणीही त्या राजाचीच जास्त भीती वाटायची, कारण कहाणी त्याला कुठेही दुष्ट म्हणत नाही.

घरी येऊन खलनायकाचा कागद पुढ्यात घेतला तेव्हा तो आपोआप भरत गेला. तो राजा नाही, जादूगारही नाही; सात तळ्यांच्या कचेरीतला दप्तरदार आहे. दर बारा वर्षांनी कोणाचे मूल द्यायचे हे तो ठरवतो, आणि ज्या घरातून मूल गेले त्या घराला जन्मभर धान्य पोहोचते की नाही हे जातीने पाहतो. कडीला एक थोरला भाऊ होता, जो तिने कधी पाहिलेला नाही. वृत्तीच्या रकान्यात, म्हणजे पात्र कोणत्या बाजूचे ते लिहायच्या जागी, काय लिहावे यावर पाऊण तास गेला. १९७४ साली हा खेळ पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्यात तीनच बाजू होत्या, सुव्यवस्था, अराजक आणि दोहोंमधली तटस्थता. चांगले आणि वाईट ही दुसरी फूटपट्टी नंतर जोडली गेली आणि नऊ घरे तयार झाली. दप्तरदार सुव्यवस्थेचा आहे याबद्दल मला शंका नाही. पुढचा अर्धा रकाना कोरा सोडला.

महाकालदंष्ट्राच्या वेळी मी जे केले नव्हते ते या वेळी केले. एक जुनी लांब वही काढली आणि दप्तरदाराच्या हाताने त्याची रोजनिशी लिहायला घेतली. चौघांनी काहीच केले नाही तर त्याचे दिवस कसे जातील तसे.

"पंचमी. तिसऱ्या तळ्याची पायरी उघडी पडली. गाळ काढणाऱ्यांची मजुरी थकली आहे, ती आधी द्यावी. षष्ठी. कुलपेवालीच्या आईकडे धान्य स्वतः पोहोचवले. बाईने पाणी विचारले नाही. सप्तमी. दोन पायऱ्या. यादी काढली. न्हाव्याचा मुलगा सात वर्षांचा झाला."

न्हाव्याचा मुलगा हे शब्द लिहून झाल्यावर मी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले. हे माझ्याच हाताने लिहिले गेले होते आणि मला ते आवडले नव्हते.

शनिवार, रात्री बारा

पाऊस इतका होता की शेजारचा मुलगा एक मजला उतरून येतानाही छत्री शोधत होता, अशी थट्टा झाली. पुढचे दोन तास मात्र कोणी थट्टा केली नाही.

ते कचेरीत शिरले तेव्हा दप्तरदार दिव्याची वात सारखी करत होता. भाषण मी या वेळी लिहिलेच नव्हते. आवाज चढवायचा नाही, एवढे निळू फुले यांच्याकडून उसने घेतले. पडद्यावरच्या त्या हळू बोलणाऱ्या पुढाऱ्यांपुढे तलवार उपसणारा आपोआप वेडगळ दिसायचा. धनुर्धराने बाण लावला. दप्तरदार म्हणाला, "मारा. उद्या तिसऱ्या तळ्याचा दरवाजा कोणी उघडायचा तेवढं ठरवा." मग त्याने कडीकडे पाहिले आणि आईच्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे ते विचारले.

खेळाच्या रीतीप्रमाणे इथे बोलणाऱ्याने फासा टाकायचा असतो, आणि बोलणे कडीलाच भाग होते. भाचीने फासा उचलला, वजा दोनचा हिशेब मनात केला असावा, आणि तो पुन्हा खाली ठेवला. "मला त्याला काही पटवायचं नाही," ती म्हणाली. "मला ती वही हवी आहे." दप्तरदाराने वही तिच्याकडे सरकवली. सहकारी न्हाव्याच्या नावाची ओळ ऐकून खुर्चीत ताठ बसले. त्यांच्या योद्ध्याने तीन वर्षांची उधारी कशी फेडायची हे त्यांना बहुधा त्या क्षणी सुचले. कोणाच्या पेल्यातला चहा संपलेला नव्हता. तिथेच मी खेळ थांबवला.

निघताना भाची दारात रेंगाळली. "मावशी, ती वही तू खरंच लिहिली आहेस का?" मी हो म्हटल्यावर तिने हात पुढे केला. कडीने ती मागून घेतली होती आणि दप्तरदाराने दिली होती, त्यामुळे नाही म्हणायला मला सबब सापडली नाही. ती आता तिच्या दप्तरात आहे, आणि पुढच्या शनिवारची माझी सगळी तयारी तीतच लिहिलेली आहे.