ड्रायरची जाळी साफ करता, पण मागच्या पाइपाचं काय?

मे महिना चाललाय, एखाद-दुसरा वळीवही पडून गेलाय, तर ज्यांच्या घरी कपडे वाळवायचा, दमट हवा पाइपातनं बाहेर टाकणारा ड्रायर आहे त्यांनी खरा पाऊस लागायच्या आत एक काम उरकून घ्या, ड्रायर भिंतीपासून पुढं ओढा, मागचा पाइप काढा आणि आत बघा. जाळी तर सगळेच साफ करतात, ती मशीनच्या दारापाशीच असते, हाताला लागते, पण जाळीतून निसटलेली कपड्यांची बारीक लव (सुटलेले तंतू) शेवटी पाइपातच जाऊन बसते आणि तिकडं कुणी बघत नाही.

साताऱ्यात तर हे बघायलाच पाहिजे, कारण आपल्याकडं ड्रायर चालतो तो जून ते सप्टेंबर, बाकीचे महिने गच्चीवर एवढं ऊन असताना कोण कशाला मशीन लावतंय. म्हणजे पाइप बंद पडून राहतो तो नेमका पक्ष्यांच्या घरट्यांच्या दिवसांत. बाहेरच्या तोंडाची झडप अर्धवट उघडी राहिली की चिमण्या नाहीतर साळुंक्या आत काड्या भरायला लागतात. इथं शाहूपुरीत आमच्या शेजारच्या काकूंच्या पाइपातून गवत, सुतळीचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या असं काय काय निघालं, आणि त्याला अडून मागं लवेचा असा दडस थर बसलेला की हवा जायला बोटभर फट उरलेली. काकूंना वाटत होतं मशीन जुनं झालं, कितीही वेळ लावलं तरी टॉवेल दमटच निघतात. मशीनला काहीच झालं नव्हतं, हवेला वाट नव्हती. (घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर मात्र हात लावू नका, ती उडून जाईपर्यंत ड्रायर बंद ठेवा.)

हिशोब साधा आहे बघा. वॉशिंग मशीननं पिळून काढलेल्या पाच किलो सुती कपड्यांतही अडीच-तीन लिटर पाणी उरलेलं असतं, ते सगळं वाफ होऊन त्या चार इंची पाइपातनंच बाहेर जायचं असतं. वाट तुंबली की कपडे वाळायला वेळ लागतो, वीजबिल वाढतं, मशीनचा पत्रा जास्तच तापतो, खोलीच्या भिंतीला बुरशी धरते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वाळलेली लव चटकन पेट घेते. अमेरिकेत घरोघरी ड्रायर असतात, तिथल्या यू.एस. फायर अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी अग्निसुरक्षा खात्याच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीत वर्षाला साधारण २,९०० घरगुती आगी ड्रायरमुळं लागलेल्या, आणि त्यांचं पहिल्या नंबरचं कारण काय, तर ड्रायर साफ न करणं.

आता काम कसं करायचं. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. क्लॅम्प सैल करून पाइप सोडवा आणि खाली जुनं वर्तमानपत्र अंथरूनच आडवा करा. पाइप जिथं झोल खाऊन लोंबलेला असतो तिथं वाफेचं पाणी साठतं आणि लव भिजून गोधडीतल्या जुन्या कापसासारखी घट्ट, करड्या रंगाची होऊन बसते, ती झटकून पडत नाही, लांब दांड्याच्या गोल ब्रशनं ओढूनच काढावी लागते. ड्रिलला लावायचे जोडकांड्यांचे ब्रश ऑनलाइन मिळतात, चांगले आहेत, फक्त ड्रिल उलटं फिरवू नका, कांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश पाइपातच राहतो. मशीनच्या मागच्या तोंडातही व्हॅक्यूम फिरवा.

पाइप प्लॅस्टिकचा किंवा पातळ चंदेरी फॉइलचा स्प्रिंगवाला असेल तर साफ करत बसू नका, बदलूनच टाका. त्याच्या चुण्यांत लव अडकते आणि मशीन मागं सरकवलं की तो चेपतो. पत्र्याचा गुळगुळीत पाइप घ्या, सांध्याला अॅल्युमिनियमची टेप लावा, आत टोक निघेल असा स्क्रू मारू नका, त्याला लव धरते. पाइप जेवढा आखूड आणि सरळ तेवढा बरा. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या एका नियमावलीत तो जास्तीत जास्त ३५ फूट धरलाय आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले ५ फूट वजा करायला सांगितलेत, यावरनं अशा एका वळणानं हवा किती अडते ते कळेल. आणि पक्षी येतात म्हणून बाहेर बारीक जाळी ठोकू नका, महिन्याभरात ती लवेनं बुजते, चांगली झडपच बसवा.

सगळं जोडलं की ड्रायर रिकामाच चालू करा आणि बाहेर जाऊन हात धरून बघा, झडप पूर्ण उचलली पाहिजे आणि हवा जोरात लागली पाहिजे, बंद केल्यावर झडप आपोआप मिटली पाहिजे.

दारातली जाळी दरवेळी साफ करताच, पण कधीतरी तिच्यावर पाणी ओतून बघा. पाणी वर थबकलं तर कपडे मऊ करायच्या सॉफ्टनरचा थर बसलाय, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळवूनच परत बसवा.

आणि बाळाच्या मालिशचे पंचे, तेल पुसलेली फडकी ड्रायरमध्ये टाकूच नका, धुतली तरी तेल पूर्ण जात नाही, आणि असे कपडे गरम गरम ढिगात राहिले तर आतल्या आत तापत जाऊन पेटूही शकतात. आमच्याकडं ते कितीही पाऊस असला तरी पंख्याखालीच वाळतात.