त्या घुबडाला वाटतं ते माणूसच आहे

गेल्या रविवारी मी, नवरा, सासूबाई आणि दोन्ही पोरं असे सगळे शिकारी पक्ष्यांच्या संवर्धन केंद्रात जाऊन आलो. गेलो होतो खरं तर धाकट्याला ससाणा बघायचा होता म्हणून, पण परत आल्यापासून माझ्या डोक्यातून एक घुबड काही जात नाहीये, त्यामुळे आधी त्याच्याबद्दलच लिहिते.

गव्हाणी घुबड, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा आणि काळेभोर डोळे. आम्ही पिंजऱ्याजवळ गेलो तसं ते सरकत सरकत पुढे आलं आणि घशातून खर्रर्र असा आवाज काढायला लागलं, कोणी घोरतंय असा. धाकटा घाबरून माझ्या मागे लपला. तिथल्या ताई म्हणाल्या, अरे ते रागावलेलं नाही, तुमच्याकडे खायला मागतंय, पिल्लं आईबापाकडे मागतात ना तसं. आणि हे घुबड चांगलं चार वर्षांचं आहे!

झालं असं की कोणाला तरी ते लहान असताना जमिनीवर दिसलं, बिचारं एकटं आहे म्हणून घरी नेलं, हाताने भरवलं, खूप प्रेमाने वाढवलं. पण या वयात जो चेहरा भरवतो तो पिल्लाच्या मनात आपल्या जातीचा म्हणून पक्का बसतो, नंतर पुसता येत नाही. आता दुसरं घुबड समोर आलं तर ते याला परकं वाटतं आणि माणूस दिसला की आपलं कोणीतरी आलं असं वाटतं. लेकीने विचारलंच, मग आता सोडून का नाही देत? तर सोडलं तर ते शिकार करायच्या ऐवजी माणसं शोधत फिरेल, कोणाच्याही खांद्यावर जाऊन बसेल आणि लोक घाबरून त्याला मारतील. म्हणून आता जन्मभर इथेच. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "वाईट कोणीच केलं नाही गं त्याचं, तरी असं झालं."

ताईंनी सांगितलेलं इथे मुद्दाम लिहिते कारण मलाही हे माहीत नव्हतं. पिसं फुटलेलं, धडधाकट पिल्लू खाली दिसलं तर बहुतेक वेळा आईबाप जवळपासच असतात. त्याला उचलून घरी न्यायचं नाही, कुत्र्यामांजराची भीती असेल तर जवळच्या फांदीवर ठेवायचं आणि लांबून बघायचं. जखम असेल तर खोक्यात अंधारात ठेवून लगेच जाणकारांना फोन करायचा, आपल्या मनाने दूध-पाणी पाजायचं नाही.

मग त्यांनी दोन गळलेली पिसं दाखवली, एक घुबडाचं आणि एक ससाण्याचं. घुबडाच्या पिसाची पुढची कड कंगव्यासारखी दातेरी असते, बोट फिरवलं की कळतं. ससाण्याचं पीस कानाजवळ हलवलं तर सप्पकन आवाज, घुबडाचं हलवलं तर काहीच नाही, पोरांनी दहा वेळा करून बघितलं. उंदराला म्हणून तर पत्ता लागत नाही. आणि त्याचे कान एक वर एक खाली असतात, त्यामुळे गुडुप अंधारातही आवाज नेमका कुठून आला ते त्याला कळतं. इथे नवऱ्याने हळूच विचारलं की आपण उंदरांना विष घालतो त्याचं काय? तर विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन फिरत राहतो, तोच घुबडाला सोपा सापडतो आणि विष त्याच्या पोटात जातं. माळ्यावरची पुडी घरी आल्या आल्या काढली.

ससाणा अर्थातच भारी होता, बहिरी ससाणा वरून सूर मारतो तेव्हा ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग जातो. पण मला आवडलं ते उडवण्याआधी त्याला वजनकाट्यावर उभं केलं ते, पोट गच्च भरलेलं असेल तर तो परत येत नाही म्हणून रोज वजन.

शेवटी गिधाडं. पोरं कंटाळली होती पण मी तिथून हललेच नाही. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, ते मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं काही वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त संपली. कारण २००४ मध्ये जगासमोर आलं आणि गुरांसाठीच्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पण जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात, मग भरून यायला किती काळ लागेल विचार करा.

निघताना परत घुबडावरून गेलो. आम्हाला बघून पुन्हा खर्रर्र. लेक म्हणाली, आई, आपल्याकडे काहीच नाहीये गं त्याला द्यायला. मग ताई चिमट्यात तुकडा धरून आल्या, त्याने तो घेतला, डोळे मिटून गिळला आणि तेव्हा कुठे गप्प झालं.