चावणाऱ्या मुलाची आई

"आज पुन्हा चावला. दंडाला. रक्त नाही आलं, थंड पट्टी ठेवली."

लेकाच्या बाई हे मला कीटाच्या दारातच सांगत होत्या. कीटा म्हणजे जर्मनीतलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. आठवड्यातली ही तिसरी वेळ. कुणाला चावला ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या कीटात चावणाऱ्याचं नाव एका घरातून दुसऱ्या घरी जात नाही. पण हा नियम सव्वादोन-अडीच वर्षांच्या मंडळींना कुणी समजावलेला नाही. बुटांच्या फळीपाशी एक पिटुकला बाही वर करून बाबाला दंड दाखवत होता आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट आमच्या चिरंजीवांकडे!

माझं जर्मन एरवी बरं चालतं, पण माफी मागायची वेळ आली की सगळ्या विभक्त्या एकदम पळून जातात. मी काहीतरी अडखळत बोलले. तो बाबा "पासिएर्ट" म्हणाला, म्हणजे "होतं असं", आणि मुलाचा दुसरा गमबूट शोधायला लागला. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ट्राममध्ये सबंध वेळ मी त्या एका शब्दाचा कीस काढत बसले. खरंच म्हणाला, की सभ्यपणा म्हणून? आणि मनात काय म्हणाला असेल, 'ही बाहेरची माणसं'? परदेशात मुलाने कुणाला ढकललं तरी आईला वाटतं, सगळ्या देशाच्या वतीने आपणच उत्तर द्यायचंय.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईचा निकाल तयार होता. "एक धपाटा दे, सरळ येईल." मागून बाबांचा आवाज, "मार खाऊन येण्यापेक्षा देऊन आलेला बरा!" यावर त्या दोघांचंच जुंपलं, माझी सुटका झाली.

खरं सांगायचं तर धपाट्याच्या जवळपासचं मी आधीच करून बसले होते. वाळूच्या हौदात त्याने एका मुलीचे केस ओढले, तेव्हा "मारायचं नाही!" असं ओरडत मी त्याच्या हातावर चापट मारली. माझ्याच वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला रात्र व्हावी लागली: आमचे चिरंजीव अस्वलाला "मायचं नाई, मायचं नाई" म्हणत बडवत होते. इथे 2000 सालापासून मुलांना शारीरिक शिक्षा करणं कायद्याने मना आहे, अगदी आईबापांनाही. पण मला थांबवलं ते कायद्याने नाही, त्या अस्वलाने.

मग बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी मनात बचावाचं भाषण तयार करून गेले होते, ते तसंच राहिलं. त्यांनी आठवडाभर टिपणं ठेवली होती: चावण्याच्या आधी काय घडलं, किती वाजता, जवळ कोण होतं. बहुतेक वेळा जेवणाच्या जरा आधी, सगळे एकाच वेळी हात धुवायला घुसतात तेव्हा. किंवा मागून येऊन कुणी त्याच्या हातातली गाडी घेतली की. त्यांनी विचारलं, "चावायच्या आधी तो दोनदा 'नाको, नाको' म्हणतो. त्याचा अर्थ काय?"

माझ्या पोटात कालवलं. तो सांगत होता की! आधी रीतसर, शब्दांत, आणि दोनदा. त्या खोलीत मराठी कळणारं कुणी नव्हतं, एवढंच. कीटात रुळवायचे पहिले तीन दिवस मी त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून होते. बर्लिनच्या पद्धतीत आईबापांना सुरुवातीला तसं बसवतात. तेव्हा प्रत्येक 'नको' झेलायला मी होते, म्हणून तो गुणाचा पुतळा वाटला.

मराठी बोलणं कमी करू का, असं विचारल्यावर बाई जवळजवळ रागावल्या. उलट त्यांनीच 'नको' शिकून घेतलं, आणि त्याला हाताचा पंजा पुढे करून "श्टॉप!" म्हणायला शिकवलं. शिवाय हात धुवायला तो आता पहिल्या तिघांत जातो. इतकं साधं.

मैदानावर मात्र काम माझं. बाकावर बसून कॉफी पिण्याचे दिवस संपले. मी हाताच्या अंतरावर राहते, उगारलेला हात हवेतच धरते, "मारू देणार नाही" एवढंच म्हणते, आणि आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे वळते. जबरदस्तीचं 'सॉरी' बंद केलं. तो ते म्हणून पुन्हा मारायला मोकळा व्हायचा. दमायच्या आत घरी निघायचं, हे सगळ्यात अवघड, कारण घसरगुंडी सोडताना मला चावतो.

एकदा त्याचं फावडं एका बाबाच्या चष्म्याला लागलं. इथे प्रत्येक बांधकामाच्या कुंपणावर 'मुलांसाठी आईबाप जबाबदार' अशी पाटी असते, त्यामुळे मला घाम फुटला. प्रत्यक्षात सात वर्षांखालच्या मुलावर कायदा भरपाईची जबाबदारी टाकत नाही, आणि आईबापांवर येते ती लक्ष ठेवण्यात कसूर झाली तर. चष्म्यावर ओरखडाही नव्हता. विम्याचे कागद मात्र मी त्या रात्री पहिल्यांदा वाचले.

नवरा त्या काळात रात्री रिचर्ड ट्रेम्बले या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल वाचायचा. माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त हाणामारी दोन-तीन वर्षांचा असताना करतो, म्हणे. न मारणं हेच पुढे हळूहळू शिकायचं असतं. "म्हणजे हा शिखरावर आहे," नवरा म्हणाला. शिखरावरचे चिरंजीव तेव्हा त्याचा चष्मा वाकवत होते.

दोन महिने झाले, कीटात चावणं जवळपास थांबलंय. दंड दाखवणारा तो पिटुकला परवा बादली धरून आमच्या लेकावर ओरडला, "नाको!" आणि आमचा चक्क थबकला. काल घसरगुंडीच्या शिडीवर त्याने पंजा पुढे करून खणखणीत "श्टॉप!" म्हटलं. पुढच्या मुलाचा नंबर होता, त्याची काही चूक नव्हती. आता ढकलणार हे मला खालूनच दिसलं, आणि मी शिडीकडे धावले.